विषयाचा प्रश्न होईपर्यंत: एम्प्रेस मिलवरील एका निबंधाची हकीकत

पदव्युत्तर इतिहासाच्या अभ्यासक्रमात अंतर्गत मूल्यमापनासाठी जो दीर्घ निबंध लिहून द्यावा लागतो, त्याकडे बहुतेक विद्यार्थी एक फाइल पूर्ण करण्याचे काम म्हणून पाहतात. सत्र संपत आले की मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या फाइली हातोहात फिरू लागतात, झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते आणि शेवटच्या आठवड्यात रात्री जागून पाने भरली जातात. याचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही, कारण निबंध कसा लिहायचा हे आम्हाला कोणत्याही तासिकेत स्वतंत्रपणे शिकवले जात नाही, आणि ज्यांच्या घरातून महाविद्यालयात गेलेली ही पहिलीच पिढी आहे त्यांना ते घरीही कोणी सांगू शकत नाही. मी स्वतः काटोल तालुक्यातून नागपूरला शिकायला आले. गेल्या सत्रात मला ‘नागपूरच्या औद्योगिक विकासात एम्प्रेस मिलचे योगदान’ हा विषय अडीच हजार शब्दांच्या मर्यादेत लिहायला मिळाला. तो लिहिताना कामाची जी पद्धत हाती आली, ती माझ्यानंतर अशा निबंधाला बसणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे नोंदवत आहे.

विषय सोपा वाटावा असाच होता. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरियाला दिल्ली दरबारात भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, नागपुरात एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली, एवढी माहिती कोणत्याही संदर्भग्रंथात सहज मिळते. त्यापुढे गिरणीतील यंत्रसामग्री, कामगारांसाठीच्या योजना, कापसाचा व्यापार असे मुद्दे जोडत गेले तर अडीच हजार शब्द भरायला वेळ लागत नाही. मी अशा मुद्द्यांची यादी करून आमच्या मॅडमना दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, “हे सगळं बरोबर आहे, पण यात तुम्हाला नेमकं काय म्हणायचं आहे?”

त्या एका प्रश्नाने पुढच्या कामाची दिशा ठरली. ‘योगदान’ असा शब्द असलेला विषय हा खरे तर विषय नसून केवळ एक मथळा असतो. त्याला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, त्यावर मतभेद होऊ शकत नाही, आणि ज्यावर मतभेद होऊ शकत नाही त्यावर युक्तिवादही उभा राहत नाही. मग माहितीच्या मागे माहिती येत राहते आणि शेवटी ‘अशा प्रकारे या गिरणीचे योगदान महत्त्वाचे आहे’ असे वाक्य लिहून निबंध संपवावा लागतो. म्हणून मी वाचन काही काळ थांबवले आणि एका कोऱ्या पानावर या मथळ्यातून निघू शकतील असे प्रश्न लिहायला घेतले. गिरणीमुळे नागपूरची लोकसंख्या वाढली का, हा प्रश्न चांगला होता, परंतु जनगणनेच्या आकड्यांतून गिरणीचा वाटा वेगळा काढणे मला शक्य नव्हते. कामगारांचे जीवन सुधारले का, हा प्रश्न त्याहून मोठा होता आणि त्याला एका निबंधाची जागा पुरली नसती. शेवटी जो प्रश्न उरला तो असा: कापड गिरण्यांचा उद्योग मुंबईत बहरत असताना १८७० च्या दशकात एका उद्योजकाने समुद्रापासून इतक्या दूरच्या नागपूरची निवड केली, त्यामागे कापसाची जवळीक अधिक निर्णायक होती की रेल्वे?

या प्रश्नात तीन गुण होते आणि प्रश्न निवडताना मी आता तेच पाहते. त्याची निदान दोन उत्तरे संभवत होती, त्यांपैकी एक निवडण्यासाठी लागणारा पुरावा छापील स्वरूपात नागपुरातच उपलब्ध होता, आणि शब्दमर्यादेत तो मावत होता. तिसरा गुण विद्यार्थी सहसा विचारात घेत नाहीत, परंतु माझ्या मते तोच सर्वांत आधी तपासला पाहिजे. अडीच हजार शब्दांत प्रस्तावना आणि समारोप वजा केले की मधल्या युक्तिवादासाठी सुमारे दोन हजार शब्द उरतात. प्रत्येक मुद्द्याला दोनशे शब्द धरले तरी दहापेक्षा अधिक मुद्दे बसत नाहीत. हा साधा हिशेब आधी केला तर वाचनही आवाक्यात राहते.

प्रश्न ठरल्यानंतर वाचनाचा क्रम आपोआप लागला. प्रथम मराठी विश्वकोशातील नागपूर, कापड उद्योग आणि जमशेटजी टाटा यांवरच्या नोंदी वाचल्या. विश्वकोश हा निबंधाचा पुरावा म्हणून वापरायचा नसून विषयाचा नकाशा समजून घेण्यासाठी वापरायचा असतो, आणि त्या कामासाठी मराठीत त्याच्याइतके सोयीचे दुसरे साधन नाही. त्यानंतर गॅझेटियरकडे, म्हणजे शासनाने प्रसिद्ध केलेल्या प्रदेशवर्णनाच्या ग्रंथांकडे, वळले. नागपूरच्या अभ्यासकाचे भाग्य असे की त्याला या परिसराची वर्णने तीन वेगवेगळ्या काळांतील मिळतात: चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले मध्य प्रांताचे गॅझेटियर १८७० मधील आहे, रसेल यांनी संपादित केलेले नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ मधील आहे, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरचे १९६६ मधील आहे. पहिले गिरणी निघण्यापूर्वीचे, दुसरे गिरणीच्या भरभराटीच्या काळातले आणि तिसरे स्वातंत्र्योत्तर काळातले. ही तिन्ही इंग्रजीत असून त्यांच्या प्रती आंतरजालावर मोफत वाचता येतात, परंतु शक्य असेल तर ग्रंथालयात बसून छापील प्रत चाळावी असे मी सुचवीन, कारण पडद्यावर आपण शोधलेला शब्दच तेवढा सापडतो आणि शेजारच्या पानावरची, न शोधलेली पण उपयोगी माहिती नजरेआड राहते.

तीन काळांतील तीन साधने एकमेकांशेजारी ठेवून वाचणे हा या संपूर्ण कामातील सर्वांत आनंदाचा भाग होता. १८७० च्या ग्रंथात नागपूर आणि उमरेड येथील कोष्ट्यांच्या हातमागाच्या तलम, रेशीमकाठी धोतरांचे महत्त्व दिसते. म्हणजे कापूस आणि कापड या दोन्ही गोष्टी येथे गिरणीच्या कितीतरी आधीपासून होत्या. १९०८ च्या ग्रंथात गिरणी हे शहराच्या अर्थव्यवहाराचे केंद्र झालेले आढळते. मधल्या काळात काय बदलले, हा माझाच प्रश्न या दोन ग्रंथांच्या मध्ये उभा होता. मात्र असे ग्रंथ वाचताना ते कोणी, कोणासाठी आणि केव्हा लिहिले हे पहिल्या पानावरच लिहून ठेवावे लागते. ब्रिटिश काळातील गॅझेटियर प्रशासनाच्या सोयीसाठी सिद्ध झाली होती. त्यांत पिके, रस्ते, महसूल आणि व्यापार यांची नोंद बारकाईने येते, पण गिरणीत यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज येत नाही. त्यामुळे माझा प्रश्न व्यापार आणि वाहतूक यांच्याशी संबंधित होता तोवर ही साधने पुरेशी होती, आणि कामगारांविषयी काही विधान करायचे झाले असते तर ती पुरेशी ठरली नसती. कोणते साधन कोणत्या प्रश्नाला चालते, एवढे जरी निबंधातील एका वाक्यात नमूद केले तरी परीक्षकाला विद्यार्थ्याने विचार केल्याचे दिसते.

पुराभिलेखागारात जावे का, असाही विचार मनात आला होता. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय नागपुरात आहे आणि मध्य प्रांताच्या जुन्या कागदपत्रांसाठी ते महत्त्वाचे आहे. परंतु मूळ कागदपत्रे हाताळायला परवानगी, वेळ आणि जुन्या हस्ताक्षराची सवय लागते, आणि अडीच हजार शब्दांच्या निबंधासाठी छापील साधने पुरतात, हे लक्षात घेऊन मी तो विचार लघुप्रबंधापर्यंत पुढे ढकलला. कामाच्या आकाराप्रमाणे साधनांचा आकार ठरवणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

टिपणे घेण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण निबंध चांगला होतो किंवा बिघडतो तो येथेच. आमच्या वर्गातील रूढ पद्धत अशी की पुस्तक समोर उघडे ठेवून त्यातील वाक्ये थोडीफार फिरवून वहीत उतरवायची. इंग्रजी पुस्तकाच्या बाबतीत तर वाक्यागणिक भाषांतर केले जाते आणि निबंधात तीच जडजंबाल वाक्ये येतात. मी ठरवून वेगळी पद्धत अवलंबली: एक प्रकरण किंवा चार-पाच पाने वाचायची, पुस्तक मिटायचे, आणि त्यात माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने काय होते ते आठवून मराठीत लिहायचे, त्यानंतर पुस्तक पुन्हा उघडून आकडे, सन आणि नावे पडताळायची आणि पृष्ठक्रमांक समासात नोंदवायचा. एखादे वाक्य जसेच्या तसे घ्यायचे असेल तर ते त्याच क्षणी अवतरणचिन्हांत लिहायचे. पुढे आपलेच टिपण वाचताना आपले वाक्य कोणते आणि लेखकाचे कोणते हा संभ्रम त्यामुळे राहत नाही.

पुस्तक मिटून लिहिण्याने दोन गोष्टी साधतात. पहिली म्हणजे वाचलेले लक्षात राहते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला आणि इतरांनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स पुनःपुन्हा वाचून सगळे येते असे का वाटते आणि नंतर ते टिकत का नाही, याचा उलगडा मला या निष्कर्षातून झाला. दुसरी गोष्ट म्हणजे वाङ्मयचौर्य मुळातूनच टळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, त्यापुढे चाळीस, साठ टक्के अशा पायऱ्यांनी कारवाई कडक होत जाते. वर्गातील निबंध आणि स्वाध्याय त्या नियमावलीच्या कक्षेबाहेर ठेवलेले असले तरी लघुप्रबंध आणि प्रबंध तिच्या कक्षेत येतात. निबंधात लागलेली सवय पुढे प्रबंधात जाते, म्हणून ती येथेच लावून घेणे हिताचे आहे. परिभाषेच्या बाबतीत अडचण आली तेव्हा भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहिले. ते आंतरजालावर उपलब्ध आहेत आणि अर्थशास्त्रासारख्या विषयांसाठी स्वतंत्र कोश आहेत.

टिपणे पुरेशी जमल्यावर युक्तिवाद बांधायला घेतला. कापसाची जवळीक निर्णायक होती असे मानले तर एक शंका लगेच उभी राहते: वऱ्हाड आणि वर्ध्याचे खोरे शतकानुशतके कापूस पिकवत होते आणि तो बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून दूरवर जात होता; मग गिरणी १८७७ मध्येच का निघाली? दुसरी शंका हिंगणघाटची. उत्तम कापसासाठी हिंगणघाटची पेठ प्रसिद्ध होती, म्हणजे निव्वळ कापूस हवा होता तर पहिली निवड हिंगणघाटची व्हायला हवी होती. परंतु १८६७ मध्ये मुंबईहून भुसावळ, बडनेरा आणि वर्ध्यामार्गे नागपूरपर्यंत आलेला मुख्य लोहमार्ग हिंगणघाटवरून गेलेला नाही. अशी प्रतिउदाहरणे शोधणे मला फार उपयुक्त वाटले. आपल्या मताच्या बाजूचे दहा पुरावे गोळा करण्यापेक्षा, आपले मत चुकीचे असेल तर काय दिसायला हवे होते, हे एकदा विचारून पाहिले की युक्तिवादाला बळकटी येते.

मात्र रेल्वे हेच उत्तर आहे असे म्हणूनही भागत नव्हते. ज्या लोहमार्गाने नागपूरला यंत्रे आणली, त्याच मार्गाने येथला कापूस मुंबईच्या गिरण्यांकडे नेणे सोपे केले आणि मँचेस्टरचे कापड येथल्या बाजारात आणले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला तेव्हा भारतीय कापसाला प्रचंड मागणी आली आणि कापसाच्या प्रदेशाकडे रेल्वे नेण्याची निकड वाढली. म्हणजे रेल्वेचा मूळ हेतू येथे कारखाने काढण्याचा नसून येथला कच्चा माल बाहेर नेण्याचा होता. त्यामुळे केवळ रेल्वेने गिरणीचे स्पष्टीकरण होत नाही. त्यात कोळशाची भर पडते: चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि वाफेच्या यंत्रासाठी लागणारे इंधन तुलनेने जवळ आले. शिवाय मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणात चीनकडे जात असताना नागपूरची गिरणी देशाच्या अंतर्भागातील बाजाराच्या मध्यावर होती, आणि येथल्या हातमागांनाही सूत लागत होते. या सर्वांतून माझे उत्तर आकाराला आले: कापसाची जवळीक ही जुनी अट होती, रेल्वे ही नवी, गिरणी निघाली ती दोन्ही अटी एकाच ठिकाणी आणि कोळशाच्या आवाक्यात एकत्र आल्यामुळे, आणि त्यांपैकी शेवटी जोडली जाऊन निवड ठरवणारी अट म्हणून वाहतुकीला अधिक वजन द्यावे लागते.

हे उत्तर पक्के करण्यापूर्वी मी प्रत्यक्ष जागा पाहून आले. गिरणीच्या जमिनीवर आता एम्प्रेस सिटी हे व्यापारी संकुल आहे. तेथून गांधीसागर, म्हणजे जुना जुम्मा तलाव, अगदी लगत आहे आणि नागपूरचे रेल्वे स्थानक पायी जाण्याइतके जवळ आहे. पाणी, स्थानक आणि जुन्या शहराची वस्ती या तिन्हींच्या मध्ये ही जागा कशी बसते हे नकाशावर दिसत असले तरी त्या रस्त्याने चालल्यावर ते अधिक ठळकपणे समजले, आणि निबंधातील जागेविषयीचा परिच्छेद मी त्याच दिवशी लिहिला. स्थानिक विषयावर लिहिणाऱ्याला ही सोय असते. ती नागपूरच्या विद्यार्थ्यांनी जरूर वापरावी.

वाचताना काही गोष्टी फार आकर्षक वाटतात आणि त्या निबंधात घालण्याचा मोह होतो. एम्प्रेस मिलविषयी एक आख्यायिका सर्वत्र आढळते: दलदलीची जमीन भरून काढणाऱ्या जमशेटजींना एका सावकाराने, हे तर मातीत सोने घालणे आहे, असे म्हणून कर्ज नाकारले आणि पुढे त्यानेच आपले शब्द मागे घेतले. गोष्ट सुंदर आहे, परंतु ती माझ्या प्रश्नाच्या कोणत्याही बाजूचा पुरावा नाही. म्हणून मी ती वगळली. दिल्ली दरबाराच्या तारखेचा योगही असाच. गिरणीचे नाव त्यावरून पडले, एवढे अर्ध्या वाक्यात सांगून पुढे गेले. १८७७ मध्येच या गिरणीत मजुरीच्या दरावरून संप झाला, आणि भारतातील कापड गिरण्यांच्या सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांमध्ये त्याची गणना होते. हा मुद्दा वगळताना मात्र मला खरोखर जड गेले, कारण तो महत्त्वाचा होता. पण तो वेगळ्या प्रश्नाचा होता. अशा मुद्द्यांसाठी मी वहीच्या शेवटी स्वतंत्र पाने ठेवली आणि ते तेथे लिहून ठेवले. वगळलेले वाया जात नाही याची खात्री असली की वगळणे सोपे होते.

लेखन मी मधून सुरू केले. प्रस्तावना आधी लिहायची या समजुतीपायी अनेक विद्यार्थी पहिल्या पानावरच अडकून पडतात, कारण जे अजून लिहिलेलेच नाही त्याची ओळख करून देणे अवघड असते. मी हिंगणघाटचा परिच्छेद प्रथम लिहिला, कारण तो मनात सर्वांत स्पष्ट होता. त्यानंतर रेल्वेचा, मग कोळशाचा. प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात त्या परिच्छेदाचे म्हणणे आले पाहिजे आणि उरलेल्या वाक्यांनी त्याला आधार दिला पाहिजे, एवढा एकच नियम पाळला. पहिला मसुदा पूर्ण झाल्यावर केवळ परिच्छेदांची पहिली वाक्ये एका कागदावर उतरवून सलग वाचली. त्या वाक्यांतून युक्तिवाद पुढे सरकत असेल तर रचना ठीक आहे, आणि दोन वाक्ये एकच गोष्ट सांगत असतील तर एक परिच्छेद कमी करायचा आहे, हे त्यावरून लगेच कळते. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहिली: प्रश्न, तो का महत्त्वाचा, आणि माझे उत्तर थोडक्यात. उत्तर शेवटपर्यंत लपवून ठेवण्याची प्रथा कथेत शोभते. निबंधात परीक्षकाला आरंभीच ते कळले तर पुढचा प्रत्येक पुरावा तो त्या उत्तराशी ताडून पाहू शकतो.

तळटिपा मसुद्याबरोबरच घातल्या. लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, स्थळ, सन आणि पृष्ठ एवढे तपशील पहिल्या उल्लेखात द्यायचे, लगेच त्याच ग्रंथाचा उल्लेख आला तर ‘तत्रैव’ आणि मध्ये दुसरा ग्रंथ येऊन गेला असेल तर ‘उनि’ असे लिहायचे, ही मराठी संशोधनातील रूढ पद्धत आहे आणि एकदा समजली की तिचा त्रास वाटत नाही. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून संदर्भांची यादी मागण्याची सवय अनेकांना लागली आहे. माझ्या एका वर्गमैत्रिणीने अशी यादी मिळवली आणि आम्ही दोघींनी ती ग्रंथालयाच्या सूचीत व शोधगंगावर तपासली, तेव्हा त्यांतील काही शीर्षके कोठेच सापडली नाहीत. शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे भांडार सर्वांसाठी खुले आहे. आपल्या विषयाला जवळचा प्रबंध तेथे मिळाला तर त्याच्या संदर्भसूचीतून खऱ्या ग्रंथांचा माग लागतो, आणि तो मार्ग मला अधिक विश्वासार्ह वाटतो. जो ग्रंथ आपण हातात घेऊन पाहिलेला नाही, त्याचा उल्लेख तळटिपेत करू नये.

टंकलेखन युनिकोडमध्ये केले. महाविद्यालयांच्या आसपासच्या काही दुकानांत अजूनही जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन करून मिळते. छपाई सुबक येते, पण ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरे ओळखू येत नाहीत आणि पुढच्या वर्षी त्या मजकुरात एखादा शब्द शोधायचा म्हटले तर शोधता येत नाही. ज्यांना हस्तलिखितच द्यायचे आहे त्यांनीही एक प्रत युनिकोडमध्ये ठेवावी. अंतिम मसुदा मी खोलीतल्या मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवला. ती वाणिज्य शाखेची, गोंदियाची. रेल्वेच्या परिच्छेदानंतर तिने मला थांबवले आणि विचारले, “मंग कापूस मुंबईला नेणं सोपं झालं, तर गिरणी इथं काढायची गरजच काय होती?” नेमक्या याच शंकेचे उत्तर निबंधात दोन पानांनी उशिरा येत होते. मी ते रेल्वेच्या परिच्छेदाला लागूनच आणले: कच्चा कापूस मुंबईला न्यायचा आणि तेथे तयार झालेले कापड पुन्हा याच बाजारात आणायचे, यात भाडे दोनदा पडते आणि कातताना कचऱ्यात जाणाऱ्या वजनाचेही भाडे भरावे लागते. विषय न जाणणाऱ्या पण लक्ष देऊन ऐकणाऱ्या व्यक्तीला मसुदा ऐकवणे म्हणूनच आवश्यक आहे. वर्गातील विद्यार्थ्यांना सगळे आधीच ठाऊक असते आणि त्यांना अशी शंका येत नाही.

वेळेच्या नियोजनाविषयी एवढेच सांगते की वाचनाची मुदत आधी ठरवावी आणि ती संपली की हाती असलेल्या साधनांवर लिहायला बसावे. आणखी एक पुस्तक वाचले असते तर बरे झाले असते, ही भावना कधीच संपत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या काळात विधानभवन आणि सिव्हिल लाइन्सच्या परिसरात वाहतूक वळवलेली असते आणि बसने ये-जा करणाऱ्यांचा बराच वेळ रस्त्यात जातो, म्हणून ग्रंथालयाची कामे मी त्यापूर्वी आटोपली आणि अधिवेशनाचे दिवस लेखनासाठी ठेवले.

निबंध सादर केल्यानंतर मौखिक परीक्षा झाली. मॅडमनी कागद बाजूला ठेवून विचारले, “कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही तुमचं उत्तर बदलाल?” मी सांगितले की त्या काळातील कापूस आणि कापड यांच्या रेल्वेभाड्याचे तक्ते मिळाले आणि त्यांत नागपूरहून मुंबईला कापूस नेण्याचा खर्च नगण्य आढळला, तर वाहतुकीला दिलेले वजन मला कमी करावे लागेल. टिपणे आठवून लिहिलेली असल्यामुळे सन आणि नावे सांगताना कागदाची गरज भासली नाही. परत मिळालेल्या प्रतीवर दोन सूचना होत्या: कोळशाविषयीचे विधान एकाच ग्रंथावर आधारलेले आहे, त्याला दुसरा आधार हवा, आणि हातमाग विणकरांवर गिरणीच्या सुताचा परिणाम काय झाला हे एका परिच्छेदात तरी यायला हवे होते. दोन्ही सूचना मी वहीच्या शेवटच्या पानांवर, संपाच्या नोंदीखाली उतरवल्या. लघुप्रबंधासाठी आता १८७७ च्या संपाचाच विषय घेतला आहे. त्या वर्षी मजुरीचा दर कोण आणि कशावर ठरवत होते, असा प्रश्न लिहून तो मॅडमकडे दिला आहे, आणि त्यांनी होकार दिल्यास पुढील महिन्यात पुराभिलेखागाराच्या परवानगीसाठी अर्ज करणार आहे.